कुंपणाबाहेरचा बुरूज



गेल्या महिन्यात आमच्या गोधडी गटाच्या बैठकीत चांगलीच वादावादी झाली. भांडण पैशावरून नव्हतं, नावावरून होतं. शहरातला एक व्यापारी आमच्याकडून गोधड्या घेतो. मागच्या खेपेला त्याने आमच्या गोधड्यांना स्वतःच्या दुकानाची पट्टी लावून विकल्या. गटातल्या एकीच्या भाचीने तिकडे ते पाहिलं आणि फोटो काढून पाठवला. आता त्याने पुन्हा माल मागवलाय. तर काही जणी म्हणाल्या, या वेळी गोधडीच्या कोपऱ्यात शिवणारीचं नाव टाक्यानं घालायचं. बाकीच्या म्हणाल्या, नाव घातलं आणि त्यानं माल परत पाठवला तर बँकेचा हप्ता कोण भरणार? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. समन्वयक म्हणजे सगळं ठाऊक असणारी, असा आपल्याकडे समज आहे. मला काही सुचलं नाही. "पुढच्या बैठकीत बोलू," असं म्हणून मी चहा मागवला.

त्याच दिवसांत मी एका बुरुजाबद्दल वाचत होते. आज त्याच बुरुजाची गोष्ट सांगणार आहे. तो आपल्याकडचा नाही, फार लांबचा आहे, ग्रीस देशातला. पण गोष्ट बायकांची आहे आणि टाक्यांची, गाठींचीही आहे.

बी.ए.ला माझा इतिहास होता. त्यात एक ओळ पाठ केलेली अजून आठवते: १४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. पण जिंकलं ते कोणाचं, तिथे आधी कोण राहत होतं, हे ना कुणी शिकवलं ना मी विचारलं. पास होण्यापुरतं तेवढं साल पुरत होतं. ते शहर म्हणजे आजचं इस्तंबूल. रोमन साम्राज्याचा पश्चिमेकडचा भाग कोसळला, तरी पूर्वेकडचा भाग हे शहर राजधानी करून पुढे जवळजवळ हजार वर्षं टिकला. त्यालाच बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. लोक ख्रिस्ती, भाषा ग्रीक.

आता जागा कुठे ते सांगते. ग्रीसच्या उत्तरेला हल्किदिकी नावाचा प्रांत आहे. नकाशात बघा, जमिनीने समुद्रात तीन बोटं बुडवल्यासारखं दिसतं. त्यातलं पूर्वेकडचं बोट म्हणजे ॲथॉस. टोकाला ॲथॉस पर्वत आहे, २,०३३ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षाही उंच आणि थेट समुद्रातून वर आलेला. या बोटाच्या बऱ्याचशा भागात फक्त साधू राहतात. तिथे २० मठ आहेत. त्यातला सर्वात जुना मोठा मठ ९६३ साली स्थापन झाला. आपल्याकडे तेव्हा यादवांचं देवगिरीसुद्धा वसलेलं नव्हतं.

आणि तिथे बाईला प्रवेश नाही.

हा नियम हजार वर्षांपासूनचा आहे. नुसती रीत नाही, ग्रीस सरकारचा कायदाही आहे. १९५३ च्या हुकमाप्रमाणे बाई आत गेली तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गाय, शेळी अशी मादी जनावरंसुद्धा पाळायची नाहीत. मांजरीला तेवढी सूट आहे, कारण उंदीर कोण मारणार! आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद २०१६ साली आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला. तिथे गोष्ट एका चौथऱ्याची होती. इथे डोंगर, जंगल, किनारा, सगळंच बंद. गंमत अशी की त्या साधूंच्या श्रद्धेप्रमाणे हा अख्खा डोंगर एका बाईचाच आहे. येशूची आई मरियम हिची ती बाग, असं ते मानतात. मालकीण बाई आणि बाकीच्या बायकांनी मात्र बोटीत बसून लांबून बघायचं. पर्यटकांच्या बोटीत बायका असतील, तर ती किनाऱ्यापासून सुमारे अर्धा किलोमीटर दूर ठेवतात.

साधूंचा मुलूख जिथे सुरू होतो, तिथे कुंपण आहे. त्या कुंपणाच्या अलीकडचं शेवटचं गाव म्हणजे ऊरानूपोली. नावाचा अर्थ आकाशनगरी. पुरुष यात्रेकरू इथे परवाना घेऊन बोटीत बसतात. आणि या गावाच्या किनाऱ्यावर, अगदी पाण्याच्या काठाला, आपला बुरूज उभा आहे. त्याला प्रोस्फोरीचा बुरूज म्हणतात.

आपल्या गावोगाव पडक्या गढ्या आहेत ना, तशी एखादी गढी डोळ्यांसमोर आणा, फक्त पसरट नाही, उभी. चौकोनी, जाड दगडी भिंतींची, अनेक मजल्यांची, भोवती तटबंदी. १३४४ सालच्या कागदपत्रात तिचा उल्लेख आहे. ती राजाची नव्हती, सरदाराचीही नव्हती. ॲथॉसवरच्या वातोपेदी नावाच्या मठाची होती. या मठाची इथे शेती होती. धान्य, तेल, दारू यांची राखण करायची, समुद्री चाचे आले तर माणसांनी आत शिरून दार लावून घ्यायचं, असा त्याचा उपयोग. म्हणजे देवस्थानच्या जमिनीवरचं कोठार आणि किल्ला एकत्र. भूकंपांनी वरचा भाग पडला, पुन्हा बांधला. त्यामुळे खालचे मजले जुने बायझंटाइन काळातले आणि वरचे नंतरचे.

आता मठांमध्ये असं काय आहे की ते बघायला जग धडपडतं? तिथली चित्रं. चर्चच्या भिंतीभर रंगवलेली, पोथ्यांच्या पानांवर काढलेली आणि लाकडी फळ्यांवरची. फळ्यांवरच्या चित्रांना आयकॉन म्हणतात. ते करायची रीत ऐकून मला आपल्या बायकांचीच कामं आठवली. आधी चांगली वाळलेली फळी घ्यायची. तिच्यावर सरसाने कापड चिकटवायचं. त्यावर खडू आणि सरस कालवून थरावर थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा. जिथे सोनं दिसायला हवं तिथे सोन्याचा वर्ख लावायचा. मग रंग. रंगाची पूड अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवायची. आपण पूर्वी शेणमातीने भिंत लिंपून, पांढरी करून मग चित्र काढायचो, तिथेही घाई चालत नसे. या चित्रांत माणसं समोर बघत असतात, डोळे मोठे, चेहरे लांबट. मला आधी ती जरा रागीट वाटली. मग कुठेतरी वाचलं की भक्ताने चित्राकडे नुसतं बघायचं नाही, चित्रानेही भक्ताकडे बघायचं, अशी त्यामागची कल्पना आहे. आपल्या विठोबापुढे उभं राहिल्यावर तसंच होतं की.

एक गोष्ट आणखी सांगायलाच हवी. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन बादशहांनी ही चित्रं बंद केली होती. चित्र म्हणजे मूर्तिपूजा, असं म्हणून अनेक चित्रं फोडली, पुसली. ती बंदी उठवली कोणी? पहिल्यांदा ७८७ साली सम्राज्ञी आयरीन हिने धर्मसभा बोलावून उठवली. पुढे बंदी पुन्हा आली. मग ८४३ साली सम्राज्ञी थिओडोरा हिने ती कायमची उठवली. दोघीही आपल्या लहान मुलांच्या वतीने राज्य बघत होत्या. म्हणजे आज ॲथॉसच्या भिंतींवर जी चित्रकला आहे, ती दोन बायांमुळे वाचली, आणि तिथे बाईलाच बंदी! हे वाचलं तेव्हा मी एकटीच हसले. घरातल्यांना वाटलं, मोबाइलवर काही विनोद आलाय.

तर आता बायका येतात कुठून ते बघू.

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीस आणि तुर्कस्तान लढले. ग्रीस हरलं. मग १९२३ साली दोन्ही सरकारांनी लोकांची अदलाबदल करायचं ठरवलं. तुर्कस्तानातल्या ख्रिस्ती लोकांनी ग्रीसमध्ये जायचं, ग्रीसमधल्या मुसलमानांनी तुर्कस्तानात. धर्म बघून घर ठरलं. सुमारे १२ लाख ख्रिस्ती माणसं ग्रीसमध्ये आली, अंदाजे ४ लाख मुसलमान तिकडे गेले. आपल्याकडच्या फाळणीच्या २४ वर्षं आधीची ही गोष्ट. कित्येकींचे नवरे, मुलगे लढाईत मेलेले किंवा पकडून नेलेले. अशा निर्वासितांपैकी काही कुटुंबांना सरकारने या बुरुजाभोवतीची मठाची जमीन दिली. गाव बुरुजाभोवती वसलं, म्हणून त्याचं नावच पडलं पिर्गोस. ग्रीकमध्ये पिर्गोस म्हणजे बुरूज. आकाशनगरी हे नाव नंतरचं.

जमीन हलकी. पाऊस बेताचा. मलेरिया. रस्ता नाही, जायचं यायचं ते बोटीने. जमीन मिळाली म्हणजे पोट भरतं असं नाही, हे पुनर्वसनात गेलेल्या आपल्या धरणग्रस्त बहिणींना मी काय सांगायचं!

१९२८ साली त्या रिकाम्या बुरुजात एक जोडपं राहायला आलं. जॉइस आणि सिडनी लॉक. जॉइसबाई ऑस्ट्रेलियातल्या, १८८७ साली उसाच्या मळ्यावर जन्मलेल्या. लेखिका होत्या. दोघं क्वेकर नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या मदतकार्यात आधी पोलंडमध्ये आणि मग ग्रीसमधल्या निर्वासितांत काम करत होते. बुरुजात ना वीज ना नळ. जॉइसबाई औषधपाणी करायच्या, रोज दारात आजारी माणसांची रांग. १९३२ साली जवळच्या इयेरिसोस गावी मोठा भूकंप झाला, तेव्हाही ती दोघं धावून गेली.

पण औषधाने ताप उतरतो, चूल पेटत नाही. या निर्वासित बायकांपैकी काहींना गालिच्याच्या गाठी मारता येत होत्या. ती कला त्या तुर्कस्तानातून हातात घेऊन आल्या होत्या. सामान मागे राहिलं, पण हात बरोबर आले. मग माग उभे राहिले. लोकर स्थानिक, रंग झाडपाल्याचे. आपण कांद्याच्या सालीचा, डाळिंबाच्या सालीचा, हळदीचा रंग करतो, तसंच प्रयोग करकरून रंग बसवले. रंग उकळणं, लोकर बुडवणं, पुन्हा पुन्हा धुणं, हे सगळं बुरुजाच्या आसपास चालायचं.

आता प्रश्न नक्षीचा. बाजारात गालिचे काही कमी नव्हते. तुमचा गालिचा कोणी का घ्यावा? हा प्रश्न आपल्या प्रत्येक गटापुढे येतो. पापड सगळेच करतात, मग तुमचेच का?

उत्तर कुंपणाच्या पलीकडे होतं. मठांत हजार वर्षांची नक्षी पडून होती. पोथ्यांच्या कडांवरचे पक्षी, प्राणी, वेली, जीवनवृक्ष. बायकांना आत जाता येत नव्हतं. सिडनीसाहेब पुरुष, ते जाऊ शकत होते. ते ॲथॉसवर वारंवार जायचे, त्यांनी त्या डोंगरावर पुस्तकही लिहिलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९५७ साली छापलं गेलं. मठांतली नक्षी कागदावर उतरून बाहेर आली आणि जॉइसबाईंनी तिचे गालिच्यासाठी आराखडे केले. आणि ज्या बायकांना त्या भिंती कधीच बघायला मिळणार नव्हत्या, त्यांनी ती नक्षी गाठ मारत मारत लोकरीत उतरवली. एका हातभर कामात हजारो गाठी असतात. हे गालिचे 'पिर्गोस' या नावाने परदेशात विकले जाऊ लागले. त्यातला एक ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या पॉवरहाउस संग्रहालयात आहे.

मी हे वाचून बराच वेळ विचार करत बसले. दार बंद होतं. त्यांनी दार उघडायची वाट पाहिली नाही. दार उघडायला पाहिजे की नको, हा वेगळा वाद आहे, त्यावर मला मत आहे, पण तो आजचा विषय नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न संध्याकाळच्या भाकरीचा होता.

दुसऱ्या महायुद्धात लॉक पती-पत्नी पोलंडच्या निर्वासितांच्या मदतीला रुमानियात गेले. तिथून शेकडो माणसं त्यांनी सुखरूप बाहेर काढली. याच युद्धात पोलंडमधली दुसरी सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका-मुलं, आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहत होती. ती वेगळ्या वाटेने आली होती, पण आमच्या आजीच्या बोलण्यात 'पोलंडच्या बाया' यायच्या, म्हणून मला हे सांगावंसं वाटलं. युद्ध संपल्यावर लॉक पती-पत्नी पुन्हा बुरुजात परतले. सिडनीसाहेब १९५० च्या दशकात वारले. जॉइसबाई तिथेच राहिल्या आणि १९८२ साली, ९५ वर्षांच्या होऊन, त्याच गावात गेल्या.

तोवर गाव बदललं होतं. रस्ता आला, हॉटेलं आली, उन्हाळ्यात पर्यटकांची गर्दी होऊ लागली. गालिच्याला बसून बसून जे मिळायचं, ते खोली भाड्याने देऊन लवकर मिळू लागलं. यात मला चूक काही दिसत नाही. माग ही देवाची मूर्ती नाही की ती हलवायचीच नाही. तरी वाईट वाटतं, तेही खरं.

आणि बुरूज? पुरातत्त्व खात्याने तो नीट दुरुस्त केला. दुरुस्त म्हणजे चकाचक सिमेंटचा गिलावा नव्हे. आपल्याकडच्या कित्येक देवळांवर जो ऑइलपेंट फासतात तसंही नव्हे. दगड दगडासारखा राहिला. आता आत जाता येतं. हल्किदिकी भागातल्या सुरुवातीच्या ख्रिस्ती काळापासूनच्या आणि बायझंटाइन काळातल्या वस्तू तिथे मांडल्या आहेत. कुंपणाच्या अलीकडे असल्यामुळे बाईलाही आत जाता येतं. पलीकडच्या मठांतला खजिना बायकांना बघायला मिळाला तो १९९७ साली. त्या वर्षी तिथली चित्रं, पोथ्या, वस्तू पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या संख्येने डोंगराबाहेर काढून थेस्सलोनिकी शहरात प्रदर्शनात ठेवल्या होत्या. ती नक्षी विणून पिर्गोसच्या बायकांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्यावर!

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येते. हे सगळं वाचताना मी एक गोष्ट शोधत होते. बुरुजाचं नाव मिळालं. मठाचं मिळालं. दोन सम्राज्ञींची मिळाली. जॉइसबाईंवर पुस्तकं आहेत, त्यांनी स्वतःही आत्मचरित्र लिहिलं, कित्येक देशांनी त्यांना पदकं दिली. ती त्यांना मिळायलाच हवी होती, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गालिचा 'पिर्गोस'चा आणि नाव जॉइसबाईंचं. गाठी मारणाऱ्या बायकांची नावं मला काही सापडली नाहीत. संग्रहालयातल्या त्या गालिच्यात हजारो गाठी आहेत. कुणी मारल्या? कुठली म्हातारी, कुठली नव्याने लग्न झालेली पोर? तिची नात आज त्या गावात खोली भाड्याने देत असेल, तर तिला तरी कळेल का की हा आपल्या आजीचा हात आहे?

चूक कुणाची म्हणून मी हे सांगत नाही. त्या काळी पोटाचा प्रश्न एवढा मोठा होता की नाव कुठे घालायचं हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नसेल. आमच्या गटातही ज्या नको म्हणाल्या, त्या काही भित्र्या नाहीत. त्यांच्या डोक्यावर हप्ता आहे.

म्हणून परवाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. बुरुजाचं चित्र मोबाइलवर दाखवलं. आमच्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या, सही अंगठ्याने करतात. त्या बराच वेळ चित्राकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मला नाव लिहिता येत नाही, मग मी काय घालू?" सगळ्या गप्प झाल्या. नावावर भांडताना आम्ही हा विचारच केला नव्हता. मग कुणीतरी म्हणालं, मावशींच्या गोधडीला कोपऱ्यात नेहमी एक चिमणी असते. मला दोन वर्षांत ती दिसली नव्हती. घरी जाऊन जुनी गोधडी काढून पाहिली, खरंच होती. चार टाक्यांची, पण चिमणीच.

तेव्हा असं ठरलंय. पहिल्या दहा गोधड्यांवर प्रत्येकीने आपली खूण घालायची. जिला नाव घालायचं तिने नाव, जिला फूल, पान, चिमणी घालायची तिने ते. कुठली खूण कुणाची, हे गटाच्या वहीत लिहून ठेवायचं, तारखेसकट. व्यापाऱ्याला फोन करून आधीच सांगायचं. त्याने नाही म्हटलं तर त्या दहा गोधड्या आपण तालुक्याच्या यात्रेत विकायच्या, आणि उरलेल्या त्याला बिनखुणेच्या द्यायच्या. सगळ्यांना हे पटलं असं नाही. दोघी अजून रुसलेल्या आहेत. फोन मी उद्या सकाळी करणार आहे.

आणि ऐकणाऱ्या गटांना एक विनंती. तुमच्या घरी आजीच्या, सासूच्या हातची गोधडी, वाकळ असेल, तर तिचे कोपरे एकदा उजेडात नीट बघा. काही खूण सापडली तर वहीत तिचं चित्र काढा आणि कुणाची ते विचारून खाली लिहा. घरात सांगणारं माणूस आहे तोवर विचारा. पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना वही आणा. आणि हो, खुणेसाठी धागा गडद रंगाचा घ्या, फिका धागा दोन धुण्यांत दिसेनासा होतो.

नमस्कार.